फादर इनास आणि आईचे आमेन

फादर इनास यांची आणि माझी पहिली ओळख भांडणातून झाली, आणि देवाच्या कृपेने ते भांडण अजून मिटलेले नाही. त्यांच्या गौरवग्रंथाच्या संपादक मंडळाने माझ्यासारख्या प्रॉटेस्टंट पाळकाकडे लेख मागितला, तेव्हा मी फोनवर स्पष्टच विचारले, "मी त्यांचा विरोधक आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे ना?" पलीकडून उत्तर आले, "फादरनीच तुमचं नाव सुचवलंय. म्हणाले, कौतुक करणारे पुष्कळ झाले, भांडणारा एक तरी हवा." यावर नाही म्हणण्याची सोय उरली नाही. तेव्हा या ग्रंथात इतर मान्यवर जे लिहितील त्यात माझा सूर जरा वेगळा लागला, तर दोष खुद्द सत्कारमूर्तींचा आहे.

मी मूळचा नगरकडचा. विरार पूर्वेला चंदनसार भागात आमची एक लहानशी मराठी मंडळी आहे. नगर, सोलापूर, सातारा इकडून नोकरीसाठी आलेली कुटुंबे दर रविवारी दुकानांच्या वरच्या एका हॉलमध्ये उपासनेला जमतात. मी तिचा पाळक म्हणून आलो त्याच वर्षी वसईत ख्रिस्ती ऐक्यासाठी सर्व पंथांची एकत्र प्रार्थनासभा होती. पाहुणा म्हणून मला बोलायला सांगितले. ऐक्याच्या सभेत काय बोलू नये याचे तारतम्य त्या वयात नव्हते. मी आमच्या पंथाचा लाडका विषय काढला. तारण कोणाचे व्हायचे हे देवाने जगाचा पाया घालण्याआधीच ठरवले आहे. माणसाची इच्छा पापाने इतकी आजारी आहे की ती आपण होऊन देवाकडे वळूच शकत नाही. निवड सर्वस्वी त्याची. मी हे सारे मोठ्या आवाजात, टेबलावर हात आपटून सांगितले.

पुढच्या रांगेत पांढऱ्या झग्यातले एक सडपातळ कॅथलिक धर्मगुरू डोळे मिटून ऐकत होते. ते झोपले आहेत, अशी माझी समजूत झाली होती. भाषण संपताच ते उठले आणि अतिशय नम्रपणे म्हणाले, "पाळकसाहेब, सगळं आधीच ठरलेलं आहे, तर आज तुम्ही घसा इतका का कोरडा केलात?"

सभागृह हसले. मी तापट माणूस. मीही सुनावले, "घसा कोरडा करायचा हेही ठरलेलंच होतं, फादर."

सर्वांत मोठ्याने तेच हसले. नंतर चहाचा कप घेऊन माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "उत्तर चांगलं होतं. बरोबर नव्हतं, पण चांगलं होतं. आमच्या गावी, गिरीजला या एकदा, नीट भांडू."

तेव्हापासून आम्ही नीट भांडत आलो आहोत.

या ग्रंथाचे सगळेच वाचक धर्मपंडित नसतील, म्हणून आमचे भांडण थोडक्यात सांगतो. मूळ प्रश्न साधा आहे. माणसाचे तारण होते ते कोणामुळे? आम्ही म्हणतो, देवामुळे आणि फक्त देवामुळे. फादर म्हणतात, कृपेचा हात आधी देवच पुढे करतो, त्याशिवाय काहीच नाही. पण तो हात धरायचा की झिडकारायचा, एवढे स्वातंत्र्य त्याने माणसाला दिलेले आहे. यावर ख्रिस्ती लोक दीड हजार वर्षे वाद घालत आहेत. फादर मला चिडवायचे, "तुमचं म्हणजे असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी." मी म्हणायचो, "आणि तुमचं प्रयत्नांती परमेश्वर!" दोन्ही म्हणी आमच्या दोघांच्याही शास्त्रातल्या नव्हेत, पण मराठी माणसाने हा वाद आमच्या पुष्कळ आधी घालून ठेवलेला दिसतो.

फादर इनास यांनी अनेक वर्षे धर्मगुरू घडवणाऱ्या सेमिनरीत ईशज्ञान शिकवले. पण त्यांचे खरे मोठे काम म्हणजे सामान्य लोकांसाठी त्यांनी चालवलेला संध्याकाळचा वर्ग, असे मला वाटते. वाडीत राबून आलेले बापे, बँकेतून परतलेल्या मुली, निवृत्त शिक्षक यांना ते धर्मातले कठीण प्रश्न मराठीत समजावून सांगत. मला त्यांनी त्या वर्गात विरोधी पक्षाचा वक्ता म्हणून बोलावले. कोणत्या पंथाचा गुरू असे करतो? माझी बाजू मांडून झाली की ते वर्गाला म्हणत, "आता पाळकसाहेबांचं म्हणणं पुन्हा सांगा. त्यांना 'हो, हेच' असं वाटेल इतकं नीट सांगा. मगच ते खोडा." गंमत अशी की बरेच जण खोडण्यापर्यंत पोचतच नसत.

त्याच वर्गात त्यांनी एकदा सांगितले की, कृपा आणि इच्छास्वातंत्र्य यावरून त्यांच्याच चर्चमधले दोन धर्मसंघ एकेकाळी असे हातघाईवर आले की, अखेर पोपमहाशयांनी दोघांना बजावले: निकाल आम्ही सवडीने देऊ, तोवर एकमेकांना पाखंडी म्हणायचे नाही. "तो निकाल अजून लागायचा आहे," फादर माझ्याकडे पाहून म्हणाले, "म्हणून मी पाळकसाहेबांनाही काही म्हणत नाही. नाहीतर म्हटलं असतं."

त्यांच्या स्वभावातली एक गोष्ट मात्र मला भांडणात कळली नाही, ती पाचूबंदरला कळली. तिथल्या कोळीवाड्यात ते काही वर्षे सेवेला होते. एका घरचा कर्ता मुलगा समुद्रात गेला तो परतला नाही. मी काही कामासाठी फादरना भेटायला गेलो होतो, तर ते म्हणाले, "चला बरोबर." त्या घरात सगळे येणारे-जाणारे एकच वाक्य बोलत होते, 'देवाची इच्छा.' मुलाच्या आईने फादरना विचारले, "फादर, त्याचे नशिबान पानीच होता काय?"

मला वाटले, आता ते इच्छास्वातंत्र्यावर बोलतील, निदान सांत्वनाचे दोन शब्द तरी बोलतील. फादर तिच्याशेजारी जमिनीवर बसले आणि म्हणाले, "मला माहीत नाही, बाय." मग बराच वेळ बसून राहिले. बाहेर आल्यावर मी विचारले, तेव्हा म्हणाले, "मृत्यू झालेल्या घरात मी देवाची इच्छा हा शब्द उच्चारत नाही. त्याची इच्छा काय, ते त्याने मला सांगितलेलं नाही. मी कशाला त्याच्या नावावर खपवू?" मला हे पटले नाही. माझ्या मताप्रमाणे देवाच्या इच्छेबाहेर एक पानही हलत नाही. पण पुढे किती घरांत माझ्या ओठांवर आलेले ते दोन शब्द मी गिळले, हे माझे मलाच माहीत आहे.

आता गिरीजच्या वाडीतली गोष्ट. ती सांगितल्याशिवाय फादर मला हा ग्रंथ हातात घेऊ देणार नाहीत. त्यांच्या घरची केळीची वाडी त्यांचे पुतणे पाहतात, पण फादर संधी मिळाली की झगा उतरवून तिथे हजर. केळीचा घड उतरला की ते झाड संपते. बुंध्याशी जी पिले फुटलेली असतात त्यांतले एक राखायचे आणि बाकीची छाटायची, हे मी तिथेच पहिल्यांदा पाहिले. मला तर घबाडच सापडले. मी म्हणालो, "बघा फादर! या पिलाने अजून बरं-वाईट काहीच केलेलं नाही, आणि तुम्ही याला राखता, त्याला छाटता. निवड म्हणतात ती हीच! माझा सिद्धांत तुमच्या वाडीत रोज पाळला जातो."

फादरनी कोयता माझ्या हातात दिला. "मग या बुंध्याची निवड तुम्हीच करा."

मी नीट निरखून पाहिले. एक पिल चांगले रुंद पानांचे, देखणे होते. बाकीची अरुंद, तलवारीसारख्या पानांची, किडकिडीत. मी देखणे राखले आणि बाकीची सपासप उडवली. पुतणे लांबून ओरडत आले आणि त्यांच्या घरच्या बोलीत असे काही बोलले की मला शब्द कळले नाहीत, आशय पूर्ण कळला. तलवारीसारख्या पानांचे पिलच जोमदार असते, रुंद पानांचे दिसायला छान पण मुळात कमकुवत, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. ते पिल काढून टाकायला पुतणे वाकले, तर फादर म्हणाले, "राहू दे. पाळकसाहेबांनी निवडलंय ना? मग आता ते निवडलेलं आहे."

त्या अशक्त पिलाला त्यांनी जास्तीचे खत घातले, वाऱ्याने पडू नये म्हणून टेकू दिला, आणि पुढच्या वर्षी एक दिवस एक लहानसा घड चंदनसारला माझ्या दारात आला. सोबत निरोप होता: 'निवड तुमची, खत माझं. आता भांडू नका, खाऊन टाका.'

हसण्यासारखी गोष्ट आहे, आणि आम्ही वर्षानुवर्षे हसलोही. पण यापुढे मला जे सांगायचे आहे ते हसण्यासारखे नाही, आणि मी हा लेख लिहायला बसलो आहे तो त्यासाठीच.

माझा धाकटा भाऊ दानिएल. घरचे त्याला दानी म्हणत. पाळकाचा भाऊ, पण चर्चची पायरी चढायचे त्याने तरुणपणीच सोडले होते. त्याची बायको बाळंतपणात गेली, त्यानंतर दारू लागली. मी त्याला किती समजावले, पण सारे पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी लिव्हर गेले, तेव्हा मी त्याला गावाहून माझ्याकडे आणले. आमची आई माझ्याजवळच असते. दानीची खुर्ची गॅलरीत असायची, आईची खुर्ची त्याच्या खुर्चीला लागून. आईच्या मनात एकच प्रश्न होता, आणि तो तिने मला विचारण्याचे टाळले होते. माझा लेक देवाकडे जाईल ना? ती माझी प्रवचने वर्षानुवर्षे ऐकत आलेली. मी काय उत्तर देईन, याची तिला धास्ती होती.

फादर त्याला भेटायला येत. दानी पहिल्याच भेटीत म्हणाला, "फादर, उपदेश करायचा असंल तर लिफ्ट तिकडं आहे." फादर म्हणाले, "लिफ्ट बंद आहे, चढून आलोय. आधी पाणी द्या." दोघांची गट्टी जमली. ते काय बोलत? क्रिकेट, नगरची ज्वारी, वसईची केळी. एकदा मी चहा घेऊन गेलो तेव्हा दानी अचानक म्हणाला, "फादर, मी निवडलेल्यांत नाही ना? दादा बोलत नाही तसं. पण त्याचं तोंड बघून कळतंय."

फादरनी केळीची गोष्ट सांगायला घेतली; माझे हातवारे, पुतण्यांचा आरडाओरडा, सगळे साग्रसंगीत. दानी इतका हसला की त्याला खोकल्याची उबळ आली. शांत झाल्यावर त्याने विचारले, "आणि ती केळी? गोड निघाली का?"

"मी खाल्ली नाहीत," फादर म्हणाले. "तुमच्या दादांनी खाल्लीत. त्यांना विचारा."

दानी माझ्याकडे बघत राहिला. मी म्हणालो, "गोड होती." माझ्या भावाशी शास्त्राविषयी माझे झालेले शेवटचे बोलणे एवढेच.

दानी गेला तेव्हा तो बेशुद्धीत होता. प्रार्थना नाही, कबुली नाही, काहीच नाही. आमच्या हॉलमध्ये स्मरणसभा झाली. मंडळीचे लोक आले, फादरही आले. आमच्या पंथात मृतांसाठी प्रार्थना करत नाहीत. माणूस गेला की त्याचा निकाल लागला. मागे राहिलेल्यांसाठी सांत्वन मागायचे, गेलेल्यासाठी काही मागायचे नाही. फादरना हे माझ्याइतकेच ठाऊक. मी त्यांना दोन शब्द बोलायची विनंती केली. ते दानीविषयी फार सुंदर बोलले, आणि शेवटी हात जोडून, डोळे मिटून म्हणाले, "हे प्रभो, तुझा सेवक दानिएल याला सार्वकालिक विसावा दे, आणि..."

इथे ते थांबले. इतक्या वर्षांच्या मिस्सा-उपासना, इतक्या अंत्ययात्रांची सवय; त्यांची जीभ आपल्या वाटेने निघून गेली होती. आमच्या मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडीलवर्गातले एक ज्येष्ठ सभासद माझ्याकडे रोखून पाहू लागले. फादरचा चेहरा उतरला होता. आणि पहिल्या रांगेतून माझी आई मोठ्याने म्हणाली, "आमेन."

दुसऱ्याच दिवशी वडीलवर्गाने सांगितले की त्या फादरना याचा जाब विचारा. मी स्कूटर काढून गिरीजला गेलो. खरे सांगायचे तर मी रागावलेलोच होतो. फादरवर की आईच्या त्या आमेनवर, ते मला कळत नव्हते. फादर वाडीत टेकू बांधत होते. मला पाहताच हातातले काम टाकून पुढे आले. "चूक माझी आहे," ते म्हणाले. "दुसऱ्याच्या घरात त्याच्या रीतीने वागावं, एवढं मला समजायला हवं होतं. रविवारी येऊन तुमच्या मंडळीपुढे उभा राहून माफी मागू का?"

सेमिनरीत ज्यांच्या हाताखाली पिढ्या शिकल्या ते आमच्या दुकानांवरच्या हॉलमध्ये येऊन माफी मागायला तयार होते. मी म्हणालो, "नको."

"पण आईंचं आमेन मला मागे घेता येणार नाही," ते म्हणाले. "ते माझं नव्हे."

मी घरी आलो. आई जेवत नव्हती. माझी बायको म्हणाली, त्या दिवसभर गॅलरीत बसून असतात. काही दिवसांनी आईने मला विचारले, "शमू, मी दानीसाठी परार्थना करू का रं? न्हाई करायची म्हन्तात. मग मी त्याच्यासाठी काय करू? जिता व्हता तवर दवा तरी देत व्हते." मी पाळक. मला उत्तर पाठ होते. मी म्हणालो, "आई, आता ते देवाच्या हातात आहे."

त्यानंतर एका दुपारी फादर इनास आमच्याकडे आले. हातात आईसाठी गिरीजची सुकेळी, उन्हात सुकवलेली केळी. आईसमोरच त्यांनी मला सांगितले, "पाळकसाहेब, आईंनी मला फोन केला होता. माझ्या मिस्सात दानीचं नाव घ्या म्हणाल्या. मी त्यांना सांगितलं, तुमच्या लेकाला विचारल्याशिवाय घेणार नाही. म्हणून विचारायला आलोय."

आईने मान खाली घातली. मला वाईट वाटले, रागही आला. दुसरा कोणी असता तर त्याने हळूच नाव घेतले असते, आणि मला कधी कळलेही नसते. शेजारच्या मंडळीतली एक दुःखी बाई आपल्या देवळाकडे वळते आहे, याचा आनंद मानणारेही मी पाहिले आहेत. हे मात्र सरळ समोरच्या दाराने आले होते.

मी म्हणालो, "फादर, त्याने काय होणार? दानीने कधी हात पुढे केला नाही. माणसाला स्वातंत्र्य आहे असं तुम्हीच सांगता ना? त्याने ते वापरलं. नाकारलं त्याने."

बोलून झाल्यावर माझ्या लक्षात आले की, हे माझे मत नव्हते, त्यांचे होते. दुःखात माणूस कुठली काठी हाताला लागेल ती उचलतो. फादरनी ते मला दाखवून दिले नाही. त्यांनी विचारले, "पाळकसाहेब, देवाने सगळं ठरवलं ते कधी?"

"जगाचा पाया घालण्याआधी."

"तेव्हा त्याला पुढचं सगळं दिसत होतं?"

"सगळं."

"ही गॅलरी? ही खुर्ची? या खुर्चीत बसलेल्या आई?"

"हो, फादर."

"मग आज संध्याकाळी आई जे मागतील, ते त्याला तेव्हाच ऐकू आलेलं असणार. ठरवताना आईचा आवाज त्याच्या कानात असणार. आपल्याला वाटतं उशीर झाला, दानी गेला. त्याच्याकडे उशीर कुठून येईल?"

आई वर पाहू लागली होती. मी म्हणालो, "फादर, हे तर तुम्ही माझ्या बाजूने बोलताय."

"काय करणार?" ते म्हणाले. "तुम्ही बोलत नव्हता."

इतकी वर्षे मी निवडीचा सिद्धांत टेबल आपटून सांगत आलो. तो माझ्या आईला जवळ घेऊ शकतो, हे मला त्याच्या कट्टर विरोधकाने दाखवले. त्यासाठी त्यांनी स्वतःची बाजू क्षणभर खाली ठेवली. ज्यांना वादात हरणे आवडत नाही अशा माणसांनी याची किंमत ओळखावी. मी त्यांतलाच एक आहे.

मी त्यांना म्हणालो, "मिस्सात नको, फादर. माझ्या मंडळीला मी बांधलेला आहे. पण घरात..." फादर म्हणाले, "घरात म्हणजे घरात. मला तर सुकेळी पोचवायची होती." चहा न घेताच ते उठले. लिफ्ट त्या दिवशीही बंद होती.

संध्याकाळच्या कौटुंबिक प्रार्थनेला आईने विचारले, "घेऊ का नाव?" मी म्हणालो, "घे, आई." तिने डोक्यावर पदर घेतला आणि म्हणाली, "बापा, माझा दानी तुझ्याकडं आलाय. त्याला वळखून घे." मग तिने आमेन म्हटले, आणि मीही म्हटले. दानी गेल्यापासून मी रडलो नव्हतो. तेव्हा रडलो. त्या रात्री आई पोटभर जेवली.

मी आजही माझ्या व्यासपीठावरून मृतांसाठी प्रार्थना करायला शिकवत नाही. माझे मत बदललेले नाही, हे फादरच्या माहितीसाठी इथे नमूद करतो, नाहीतर ते उगाच जिंकल्यासारखे हसतील. वडीलवर्गाच्या सभेत मात्र मी सांगून टाकले की माझी आई घरी दानीचे नाव घेते. कोणाला हरकत असेल तर त्यांनी घरी येऊन तिच्याशी बोलावे. अजून कोणी आलेले नाही. आई आता नव्वदीकडे झुकली आहे, पण तिच्या वाटेला जाण्याची छाती मंडळीत कोणाची नाही.

फादर, तुम्ही पंचाहत्तरीत पदार्पण करीत आहात. तुमचे गुडघे कुरकुरतात, तरी केळीला टेकू बांधायला तुम्ही वाकताच, अशी तुमच्या पुतण्यांची तक्रार माझ्या कानावर आहे. तुम्हाला उदंड आणि निरोगी आयुष्य लाभावे, असे इथे लिहायची रीत आहे. माझी पंचाईत तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्या आयुष्याची दोरी किती लांब, हे माझ्या मते अनादिकाळीच ठरलेले आहे आणि त्यात आता एका तासाचाही फेरफार व्हायचा नाही. पण ठरवताना देवाच्या कानात कोणाकोणाचा आवाज होता, हे मला तुम्हीच शिकवलेत. तेव्हा मी मागतो, मनापासून मागतो, आणि माझ्यापेक्षा ज्यांचे तिथे जास्त वजन आहे त्यांच्याकडूनही मागवतो.

आई रोज संध्याकाळी आता दोन नावे घेते, एक दानीचे आणि एक तुमचे. मागे हे तुम्हाला कळले तेव्हा तुम्ही तिला म्हणाला होतात, "आई, मी अजून आहे की! मेलेल्याच्या जोडीला मला का बसवलंत?" तेव्हा तिने तुम्हाला हसून चहा दिला होता, उत्तर दिले नव्हते. हा लेख लिहायला घेतला त्या संध्याकाळी मी तिला विचारले की, या दोन नावांपुढे तू देवाला नेमके काय सांगतेस.

ती म्हणाली, "काय सांगायचं? म्हन्ते, बापा, माझा एक ल्योक तुझ्याकडं हाय. हा दुसरा अजून माझ्याकडं ऱ्हाऊ दे."

आमेन, फादर.